'कुणाला सांगू नका' म्हणणाऱ्याचा फोन आधी ठेवा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या पैशाअडक्याबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. एफडी, नॉमिनी, लॉकर यावर पत्रं आलीच, पण गठ्ठ्यातली बरीचशी एकाच विषयावरची निघाली. आईला फोन आला, बाबांचे पैसे गेले, आजीच्या आधारवर कुणीतरी सिम काढलं. पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळीकडून हेच, म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच छापत नाही, गाव किंवा तालुका तेवढा ठेवलाय, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

ताई, मी दुबईत असते, आई घरी एकटी, वय ७४, शाळेत शिक्षिका होती. तिला व्हिडिओ कॉल आला, समोर पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, मागे मुंबई पोलीस असा बोर्ड. म्हणे तुमच्या आधारवर सिम निघालंय, त्यावरून काळ्या पैशाचे व्यवहार झालेत, वॉरंट आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं, पाणी प्यायला उठायचं तरी विचारून. शेजारच्या काकी पूजेची फुलं घेऊन आल्या त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एफडी मोडून आरटीजीएस केला. माझा फोन घेतला नाही कारण मुलीला सांगितलंत तर तिलाही केसमध्ये घेऊ असं सांगितलेलं. आता ती कुणाशी धड बोलत नाही आणि भाऊ सारखा म्हणतो, शिकलेली बाई असून असं कसं केलंस. पैसे मिळतील का? — फोंडा तालुका

तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे, पण हेच सगळ्यांना कळायला हवं म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. पैसे गेलेत असं लक्षात आल्याबरोबर १९३० ला फोन करायचा, घरातलं कुणीही करू शकतं, ज्याचे गेले त्यानेच करायला पाहिजे असं काही नाही. केंद्र सरकारची ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे आणि तिला बँका जोडलेल्या आहेत. होतं काय की तुमच्या आईचे पैसे ज्या खात्यात गेले ते त्या चोराचं स्वतःचं नसतंच, कुणीतरी थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेलं खातं असतं, तिथून ते लगेच चारपाच खात्यांत फुटतात, तिथून अजून पुढे, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून काढले जातात नाहीतर क्रिप्टोत जातात. १९३० वर तक्रार पडली की या साखळीतल्या एकेका बँकेला कळवलं जातं आणि पैसा ज्या खात्यात सापडेल तिथे होल्ड लागतो. म्हणून पहिल्या एकदोन तासांना एवढी किंमत आहे. दोन दिवसांनी केली तर काहीच होत नाही असं नाही, साखळीत कुठेतरी थोडी रक्कम अडकलेली असू शकते, पण प्रत्येक तास जातो तशी ती कमी होत जाते. फोन करताना हाताशी काय हवं, तर पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, रक्कम, आणि यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, जो बँकेच्या मेसेजमध्ये किंवा पासबुकात असतो. मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची, चोराने पाठवलेली कागदपत्रं, चॅट, नंबर सगळ्याचे स्क्रीनशॉट जोडायचे. काही डिलीट करू नका. खूप लोक घाबरून किंवा लाजेने ते चॅट पुसून टाकतात आणि मग पोलिसांच्या हातात धागाच राहत नाही. गोवा पोलिसांचं सायबर क्राईम पोलीस स्टेशन रायबंदरला आहे, पण तिथे जायला जमत नसेल तर जवळच्या कुठल्याही पोलीस स्टेशनवर तक्रार घ्यावीच लागते, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर स्पष्ट लिहिलाय. शाखेतही त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता एक गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की खात्यातून आपल्या परवानगीशिवाय पैसे गेले, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण कळवलं तर आपलं नुकसान शून्य. पण आईने स्वतः फॉर्म भरून, सही करून पाठवले आहेत, त्यामुळे बँक हा नियम तिला लागू नाही असंच म्हणणार. म्हणून भर १९३० वर आणि पोलिसांवर ठेवा. होल्ड लागलेली मोठी रक्कम परत मिळायला बहुतेक वेळा कोर्टाचा आदेश लागतो, त्याचा अर्ज तपास अधिकाऱ्याला विचारून करा, वेळ लागतो पण पाठपुरावा करणाऱ्यांना मिळालेले आहेत.

आता आईचं. तिला असं कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं त्याला हे चोर डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण तशी गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे देशाला सांगितलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हातात घेतला, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला देशभरच्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. तेव्हा भावाला हे आधी सांगा की सर्वोच्च न्यायालयाला ज्यात हात घालावा लागला ते काही एकट्या आपल्या आईच्या भोळेपणाने घडलेलं नाही.

आणि दुसरं सांगा, की शिक्षणाचा इथे काही संबंध नाही. तुमच्या आईने आयुष्यभर नियम पाळले, शाळेचं मस्टर, वेळेवर टॅक्स, सरकारी कागद आला की जपून फाईलला. अशाच माणसाला सरकारी शिक्क्याचा कागद व्हॉट्सॲपवर दाखवला की धडकी भरते. त्यांनी तिला पटवून दिलेलं नाही, त्यांनी तिला तोडलं. बघा ना, काकींना परत पाठव, मुलीचा फोन घेऊ नको, बँकेत विचारलं तर जमीन घ्यायची आहे म्हणून सांग. फुलं घेऊन आलेल्या काकी पाच मिनिटं आत येऊन बसल्या असत्या तर तो सगळा डाव तिथेच मोडला असता, आणि हे त्या चोरांना बरोबर माहीत असतं.

खरा कायदा याच्या अगदी उलट आहे. पोलीस अटक करतात तेव्हा घरच्यांना किंवा ओळखीच्या माणसाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. काही अपवाद सोडले तर बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. आणि तपासासाठी पैसे कुठल्या खात्यात 'व्हेरिफिकेशनला' ठेवायला भारतातली कुठलीही यंत्रणा सांगत नाही, ना पोलीस, ना सीबीआय, ना ईडी, ना कोर्ट. तेव्हा आईवडिलांना एवढं एकच पाठ करून द्या, जो कुणाला सांगू नका म्हणतो तो पोलीस नाही, फोन ठेवायचा आणि मग वाटेल त्याला सांगायचं.

भावाला म्हणावं, आता प्रश्न विचारणं बंद कर आणि नुसता जाऊन बस तिच्याजवळ. परत असा फोन आला तर तिने पहिला फोन कुणाला करायचा हे आज ठरतंय, आणि ओरडणाऱ्याला कुणी करत नाही.

मी केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी, वय ७९. ट्रेझरीतून बोलतो म्हणून फोन आला, माझं नाव, पेन्शनचा पीपीओ नंबर, रिटायरमेंटची तारीख सगळं बरोबर सांगितलं. हयातीचा दाखला अपडेट करायचा आहे, ओटीपी येईल तो सांगा म्हणाला. मी सांगितला नाही, पण एवढी माहिती बरोबर होती म्हणून मनात राहिलंय, खरंच ऑफिसचा असला तर पेन्शन थांबेल का? — वास्को

नाही थांबणार काका, आणि ओटीपी दिला नाहीत ते फार चांगलं केलंत. पेन्शन ऑफिस फोनवरून हयातीचा दाखला घेत नाही, ओटीपी मागून तर नाहीच.

तुम्ही जे विचारलंय ते मात्र खूप महत्त्वाचं आहे. आपल्याला वाटतं की ज्याला आपली एवढी माहिती आहे तो ऑफिसचाच असणार. पूर्वी ते खरं होतं, माहिती ऑफिसच्या कपाटात असायची. आता आपल्या आधारची झेरॉक्स किती ठिकाणी पडलीय याचा हिशोब नाही, हॉटेलात, सिमच्या दुकानात, कर्जाच्या एजंटकडे, आणि चोरीला गेलेले डेटाबेस विकले जातात. त्यामुळे समोरच्याने जन्मतारीख बरोबर सांगितली तर त्याच्याकडे तुमची माहिती आहे एवढंच कळतं, तो कोण आहे ते कळत नाही. बँकांचे आणि पैशाच्या कंपन्यांचे कामाचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत असा नियम झालाय, त्याने थोडी मदत होते. तरी माझं म्हणणं, नंबर कुठलाही असो, फोन ठेवायचा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. गुगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधू नका, तिथे चोरांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात.

दाखल्यासाठी नोव्हेंबरमध्ये शाखेत जा, तुमचं वय ८० झालं की १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. फिरणं जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन जीवन प्रमाण म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला करून देतो, त्याची थोडी फी असते, जवळच्या पोस्टात सांगून ठेवायचं. अँगठ्याचे ठसे आता उमटत नाहीत अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, त्यांच्यासाठी फोनवर चेहरा दाखवूनही होतं, पण ते नातवाने किंवा मुलीने समोर बसून करून द्यावं.

आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, मागचं बिल अपडेट नाही, या नंबरवर फोन करा असा मेसेज येतो. आमच्या वाड्यावर तिघांना आलाय. — साखळी

फोन करायचा नाही, बस. आपल्याकडे वीज सरकारी वीज खात्याची आहे आणि खातं कुणाच्या खाजगी मोबाईलवर फोन करायला सांगत नाही, रात्री साडेनऊला लाईनमन पाठवून लाईटही कापत नाही. शंका असेल तर १९१२ ला विचारा किंवा सकाळी ऑफिसला जा. असे मेसेजवाले पुढे एक ॲप टाकायला लावतात ज्याने तुमचा स्क्रीन त्यांना दिसतो, आणि मग दहा रुपये भरा म्हणतात, तुम्ही पिन टाकताना ते बघत असतात.

असंच सध्या लग्नाच्या आमंत्रणाचं आणि आरटीओच्या चलनाचं चाललंय, व्हॉट्सॲपवर फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असं असतं. आमंत्रण फोटो असतं नाहीतर पीडीएफ, एपीके म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप, ते उघडून परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज, ओटीपी सगळं तिकडे जातं. ओळखीच्याच नंबरवरून आलं तरी उघडू नका, त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. चुकून उघडलंच तर लगेच डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा.

माझी आत्या ८२ वर्षांची, लग्न केलं नाही, बार्देशात आजोबांचं घर आणि भाट म्हणजे नारळाची बाग आहे तिथे कुणी राहत नाही, ती आमच्याकडे मडगावला असते. चुलतभाऊ एक मुंबईत, एक लिस्बनला. पेपरात जमिनी हडपल्याच्या बातम्या वाचून तिला रात्री झोप नाही. कुणी तिच्या नावाने खोटे कागद केले तर आम्हाला कळणार कसं? — मडगाव

आत्यांची भीती खोटी नाही. ओळख चोरणं म्हटलं की सगळे मोबाईलचंच बोलतात, पण गोव्यात माणसाची ओळख चोरून त्याची जमीन विकण्याचा प्रकार इतका वाढला की २०२२ मध्ये सरकारला पोलिसांची एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक सदस्यीय आयोग बसवावा लागला. पद्धत साधारण अशी, ज्या घराला कुलूप आहे, मालक म्हातारे किंवा वारलेले आहेत, वारस परदेशात आहेत अशी मालमत्ता हेरायची, मेलेल्या माणसाच्या नावाने जुन्या तारखेचं विक्रीखत किंवा मुखत्यारपत्र बनवायचं, त्यावरून म्युटेशनला म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव बदलायला अर्ज टाकायचा, आणि उताऱ्यावर नाव चढलं की लगेच तिसऱ्याला विकून मोकळं व्हायचं. म्युटेशनची नोटीस जाते उताऱ्यावरच्या जुन्या पत्त्यावर, म्हणजे त्याच कुलूप लावलेल्या घराच्या दाराला, आणि ती बघणारं कुणी नसतं.

म्हणून पहिलं काम उतारा. एक चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो सरकारी कागद, आता सरकारच्या भूअभिलेख खात्याच्या साईटवर बघता येतो, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग टाकला की येतो. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर जुने कागद बघा, नाहीतर गावच्या तलाठ्याकडे जा. घरातल्या एका तरुण माणसावर ही जबाबदारी द्या की दर महिन्याला तो उतारा काढून बघायचा, मालकाच्या रकान्यात तीच नावं आहेत का, इतर हक्कांच्या रकान्यात नवीन कुणी आलंय का, आणि प्रत्येक वेळी एक प्रिंट तारीख घालून ठेवायची. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर नाव कधी बदललं हे त्या प्रिंटवरून दाखवता येतं. गावात कुणाला तरी सांगून ठेवा, समोरचे शेजारी, देवळाचे भट, रोज पाव घेऊन फिरणारा पोदेर, कुणीही, की दाराला कागद चिकटवलेला दिसला किंवा कुणी मोजणी करायला आलं तर त्याचा फोटो काढून पाठवा.

दुसरं काम थोडं जड आहे पण ते करायलाच हवं. आजोबा वारले त्यानंतर वारसा लावलाय का? बहुतेक घरांत तो लावलेला नसतो, उताऱ्यावर पणजोबाचं नाव तसंच असतं आणि सगळे म्हणतात कधीतरी करू. असं मेलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर उभं असणं म्हणजे चोराला आयतीच सोय. सब रजिस्ट्रारकडे वारसाचं डीड करता येतं, वाटणीवर एकमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करावी लागते, त्यासाठी आपल्याकडे २०१२ चा वारसाहक्क कायदा आहे. मुंबईच्या आणि लिस्बनच्या भावांना या चवथीला आले की वकिलाकडे घेऊन जा, आत्या आहेत, त्यांना सगळी नाती आणि नावं तोंडपाठ आहेत तोवरच हे व्हायला हवं. वारसा सिद्ध करायला जे जन्माचे, लग्नाचे दाखले लागतात ते कुठल्या चर्चच्या किंवा कुठल्या नोंदणी कचेरीच्या वहीत शोधायचे हे त्यांच्याइतकं आता कुणालाच सांगता येणार नाही.

मुखत्यारपत्र कुणाला दिलेलं असेल तर ते काढून वाचा. विक्रीचा अधिकार त्यात आहे का बघा, पूर्वी टॅक्स भरायला, पंचायतीत जायला म्हणून ओळखीच्याला सरसकट अधिकार लिहून दिलेले असायचे. रद्द करायचं असेल तर वकिलाकडून रीतसर रद्दपत्र करून त्या माणसाला कळवा. आणि उताऱ्यात गडबड दिसलीच तर मामलेदार कचेरीत हरकत आणि पोलिसांत तक्रार दोन्ही एकदम, एकाचं काय होतंय बघून मग दुसरं असं करत बसू नका.

माझे ६ लाख गेले. शेअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होतो, ॲपवर २२ लाख दिसत होते, काढायला गेलो तर आधी टॅक्स भरा म्हणाले. मुलाला अजून सांगितलेलं नाही, बायकोला पण नाही. आता एकाचा मेसेज आलाय की २५ हजार फी दिली तर तो पैसे परत मिळवून देईल. देऊ का? — डिचोली

नका देऊ काका. तो बहुतेक त्याच टोळीतला असतो, किंवा तुमचं नाव फसलेल्यांच्या यादीत विकत घेतलेला दुसरा कुणी. पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३०, पोलीस, बँक यातलं कुणीही फी घेत नाही.

ॲपवर दिसणारे २२ लाख कधीच नव्हते. तो नुसता आकडा, तिकडे बसून कुणीतरी टाकलेला. पैसे काढायला आधी वरून टॅक्स भरा असं खरा ब्रोकर म्हणत नाही. पुढे कुणाला शेअरमध्ये घालायचेच असतील तर सेबीच्या साईटवर त्याचा नोंदणी नंबर तपासा, ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणी असलेल्या ब्रोकरच्या आणि म्युच्युअल फंडाच्या यूपीआय आयडीत 'व्हॅलिड' असा शब्द असतो, तो बघा. कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीच्या करंट अकाऊंटवर पाठवा म्हणाले की तिथेच थांबायचं.

आता मुलाचं. तुमचं पत्र मी परत परत वाचलं. एवढं ओझं तुम्ही एकटे वागवताय, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते, पैशापेक्षाही. आज संध्याकाळी सांगा. पूर्ण बोलायला जमत नसेल तर हे पान त्याच्या हातात द्या. बायकोला आधी सांगितलंत तर कदाचित सोपं जाईल, एवढ्या वर्षांच्या संसारात तिला तुमच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलेलंच असणार. मुलगा चिडेल, दोन दिवस घरात अबोला पण असेल, तरी तक्रार भरायला, बँकेत पाठपुरावा करायला तोच तुमच्याबरोबर येणार आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाईन आहे, आणि मन फारच खचलं, नको नको ते विचार आले तर टेलिमानसच्या १४४१६ वर दिवसारात्री कधीही बोलता येतं, फुकट आहे. काका, लावा तो फोन.

मुलग्या, हे वाचत असलास तर बाबांना एवढंच म्हण, बरं झालं सांगितलंत. बाकीचं नंतर.

आजीला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० येतात. एटीएम कार्ड मामाच्या मुलाकडे असतं, तो काढून आणतो आणि तिला १००० देतो, म्हणतो बँक कापते. आजीला कळतं पण ती म्हणते घरातलाच आहे, जाऊ दे. — केपे

बँक असे हजार रुपये कापत नाही. पासबुक भरून घेऊन या आणि सगळे जेवायला बसलेले असताना नाही, एकट्याला बाजूला घेऊन त्याच्यासमोर ठेवा. तेवढ्याने बरेचजण थांबतात.

आजी जाऊ दे म्हणते कारण उद्या दवाखान्यात न्यायला तोच आहे, आणि तिची ही अडचण खरी आहे, ती मान्य करूनच पुढे जायला हवं. नुसतं कार्ड काढून घेतलंत आणि तिची औषधं, बँकेची फेरी कोण करणार हे ठरवलं नाहीत तर महिन्याभरात कार्ड परत त्याच्याकडे जाईल. तुमच्यापैकी कुणीतरी महिन्याचा एक दिवस घ्या. कार्डचा पिन बदला, किंवा कार्डच बंद करून शाखेतून स्लिपवर पैसे काढा, मेसेज यायचा मोबाईल नंबर कुणाचा लावलाय ते बघा, बहुतेक त्याचाच निघेल. यापेक्षा मोठं काही असेल, म्हणजे आजीची सही घेऊन घर नावावर करून घेणं वगैरे, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ट्रिब्युनलकडे जाता येतं. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ केला नाही तर ते ट्रिब्युनल रद्द ठरवू शकतं.

बाबांचं आधार सगळीकडे दिलेलं आहे. आता काय करता येईल? आणि त्यांच्या नावावर कुणी सिम किंवा कर्ज काढलंय का ते कसं बघायचं? — काणकोण

दिलेलं परत घेता येत नाही, पण त्याचा उपयोग होणार नाही असं बरंच करता येतं. एका रविवारी बाबांना बाजूला बसवून हे करा, त्यांच्या नकळत नको, काय करतोय ते सांगत सांगत.

आधारच्या ॲपवर किंवा साईटवर बायोमेट्रिक लॉक करा. गावागावात अँगठा लावून पैसे काढायची सोय आहे, त्यात ठशाची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे प्रकार देशात झालेत, आणि यात ओटीपी येतच नाही. लॉक असेल तर ठसा चालत नाही, रेशनला किंवा हयातीच्या दाखल्याला लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी पण दिसते, ती बघा. यापुढे झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. अडलात तर १९४७ ला विचारा.

सिमसाठी संचार साथी पोर्टल. बाबांचा नंबर टाकून ओटीपी घातला की त्यांच्या नावावर किती नंबर आहेत ते येतं, त्यांचा नसलेला दिसला तर तिथेच माझा नाही म्हणून कळवता येतं. फसवणुकीचे फोन आणि मेसेज कळवायचं चक्षू पण तिथेच आहे. आणि बाबांच्या फोनची रेंज घरात सगळ्यांची असताना एकट्याचीच गेली, बराच वेळ आलीच नाही, तर रिचार्ज संपलं असेल म्हणून सोडून देऊ नका, कुणीतरी डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं, लगेच कंपनीला आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

नावावर कर्ज आहे का ते बघायला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही एकदम काढू नका, तीनतीन महिन्यांनी एकेक काढलात की वर्षभर लक्ष राहतं. बाबांनी न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या रिपोर्टमधूनच हरकत नोंदवा, कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, पोलीस तक्रारीची प्रत जोडा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

यूपीआय असेल तर बाबांचं रोजच्या खर्चाचं एक छोटं खातं वेगळं करून यूपीआय त्यालाच जोडा, पेन्शन आणि एफडीच्या खात्याला नको, आणि दिवसाची मर्यादा बँकेच्या ॲपवरून कमी करून ठेवा. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या, तुमच्या फोनवरून पाच रुपये पाठवा आणि त्यांना बघू द्या की पिन न टाकताच आले.